वानवळ्याची गवार

बोरीचे भगवानराव गुरुजी निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण एवढ्या काळात भाजीबाजारात ते थांबले ते फक्त भाव विचारायला. ताज्या पिकाचा वानवळा गाव आपणहून पाठवायचं. नाही पाठवला, तर गुरुजी स्वतः शेतावर जाऊन पिकाचं कौतुक करायचे. इतकं कौतुक ऐकून माणसाला रिकाम्या हातानं लावून कसं द्यायचं, ही अडचण ज्याची त्यानं सोडवायची.

मे सरत आला होता. विहिरी तळाला गेल्या होत्या आणि कमलबाईच्या शेतात चार ओळी गवार तेवढी हिरवीगार होती. मृगाआधी वाळवलेल्या गवारीचे दोन डबे भरले की श्रावणापर्यंत भाजीसाठी खिशात हात घालायला नको, असा गुरुजींचा बेत होता. ताकमिठात उकळून कडकडीत वाळवलेली गवार तेलात तळली, की वरणभातावर त्यांना दुसरं काही लागत नसे.

पहिल्या दिवशी त्यांनी गवारीचं कौतुक केलं, दुसऱ्या दिवशी मातीचं, तिसऱ्या दिवशी पाण्याचं. रोज पिशवी भरून मिळाली. चौथ्या दिवशी कौतुकाला विषयच उरला नव्हता, तर कमलबाईनं न बोलताच अर्धं पोतं पुढं केलं. स्वतःच्या वाणीबद्दल गुरुजींचा आदर फारच वाढला.

शेंगांची देठं खुडणं, उकळणं, गच्चीवर पसरणं, भर उन्हात उलटणं, माकडं हाकलणं ही किरकोळ कामं त्यांच्या बायकोकडं, केवळाबाईंकडं होती. गुरुजी डबे कुठवर भरले ते बघायचे. मिठानं केवळाबाईंची बोटं चिरली तेव्हा त्यांनी हळद लावायला सांगितली. सल्ला देताना ते कधी हात आखडत नसत.

मृगाला दोन दिवस असताना दोन्ही डबे काठोकाठ भरले, आणि त्याच सकाळी कमलबाई दारात उभी राहिली. माहेरपणाला आलेल्या तिच्या लेकीला, अपेक्षाला, न्यायला गंगाखेडहून जावई आले होते. लेकीला वाळलेली गवार न्यायची होती, आणि कमलबाईच्या अंगणात शेळ्या काही टिकू देत नव्हत्या.

"म्हणून तर तुमच्याकडं धाडली, गुरुजी," ती शांतपणे म्हणाली. "गच्ची तुमची मोठी, अन् काकूंच्या हाताला चव हाय. तुमाला ठिवा की थोडी."

गुरुजींनी तिला वानवळा म्हणजे काय ते समजावलं. दिलेली वस्तू दिलेलीच असते, ती वाळली म्हणून परत जात नाही, असं उदाहरणांसह सांगितलं. कमलबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि केवळाबाईंकडं पाहिलं.

केवळाबाईंनी आतून दोन्ही डबे आणले. "ने गं बाई. दोन्ही ने."

"अगं, एक तरी ठेव," गुरुजी म्हणाले.

"तुमाला पायजे तर तिच्या रानात अजून हाय. तोडा, देठं खुडा, उकळा. चूल पेटवून देते मी."

दुसऱ्या दिवशी गुरुजी गवारीच्या ओळीत वाकलेले दिसले. केसाळ पाल्यानं कोपरापर्यंत खाज सुटलेली, पिशवी जेमतेम अर्धी. ही गवार वाळायला चार दिवसांचं कडक ऊन लागणार होतं, आणि मृगाला राहिला होता एक दिवस.