तीन हाका

एक जुलैला पहाटे साडेचारला दवाखान्याच्या पायऱ्यांवर एकतीस माणसं होती आणि आत एकही डॉक्टर नव्हता. डॉक्टर आज येणारही नव्हत्या. आज फक्त खिडकी उघडणार होती. सातला खिडकी उघडणार, डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंच्या पुढच्या तीन महिन्यांच्या तारखा वाटल्या जाणार आणि चोवीस तारखा संपल्या की खिडकी ऑक्टोबरापर्यंत बंद. आधीचे डॉक्टर नॉर्वेला निघून गेले त्याला दोन वर्षं झाली होती. त्यांच्या जागेसाठी दारावर लावलेली जाहिरात उन्हानं इतकी विटली होती, की ती वाचायलाच आधी डोळ्यांचा डॉक्टर लागला असता. आता मोठ्या शहरातून एक बाई पंधरा दिवसांनी एकदा येत आणि चार तासांत आख्ख्या तालुक्याचे डोळे बघून परत जात.

रांग मात्र शिस्तीची होती, कारण रांगेची वही होती. ही वही कुठल्या सरकारनं काढलेली नाही. साखरेसाठी आणि मांसासाठी रात्रंदिवस रांगा लागायच्या त्या काळात आईबापांनी ती काढली आणि मुलांच्या अंगवळणी पडली. आदल्या दिवशी येऊन चौकटीच्या वहीत नाव लिहायचं, नंबर घ्यायचा आणि ठरल्या वेळी हजेरीला हजर राहायचं. नावाला तीन हाका. तिसरीला ‘हजर’ आलं नाही, तर नावावर रेघ आणि मागचे सगळे एकेक पायरी वर. शेजाऱ्यानं ‘ओ’ दिलेली चालत नाही. एकदा एका जावयानं आख्ख्या सासुरवाडीची ‘ओ’ दिली होती, तेव्हापासून हा नियम.

या खेपेला वही रेगिना सावकोच्या हातात होती. एरवी ती सांभाळणारे रेल्वेतले म्हातारे गृहस्थ पाय मोडून पडले होते, आणि रेगिनानं तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे काढली होती. सगळ्या तालुक्याची पेन्शन तिच्या हातून गेली, पण कुणाचा एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही. शिवाय तिचा स्वतःचा नंबर होता पंचविसावा.

“बाई स्वतः पंचविसावी असून वही सांभाळते,” कुणीतरी कौतुकानं म्हणालं होतं. “याहून सचोटी ती काय असते?”

 जागा चोवीस आणि आपण पंचविसाव्या, हे रेगिनाला काल संध्याकाळपासून गिळवत नव्हतं. तारीख तिला स्वतःसाठी नको होती. तिच्या नवऱ्याचा, लुद्विकचा उजवा डोळा गेल्या हिवाळ्यात तारखेची वाट बघता बघता गेला. आता डाव्यातलं प्रेशर वाढत होतं. चष्म्याच्या दुकानातल्या माणसानं यंत्रावर मोजलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, “सप्टेंबरच्या पुढे ढकलू नका.” खासगीत तारीख होती ऑक्टोबरची. मुलीनं राजधानीत, वॉर्सात चौकशी केली, तिथे डिसेंबर. तातडीच्या विभागात म्हणाले, दुखायला लागलं की या. आणि हे दुखणं असं हलकट, की ते दुखतच नाही.

गेल्या आठवड्यात ती बाजारातून लवकर परतली, तर लुद्विक स्वयंपाकघरात चांगला डोळा मिटून चालत होता. टेबलापासून चुलीपर्यंत पाच पावलं, चुलीपासून नळापर्यंत तीन. तो तोंडातल्या तोंडात मोजत होता. ती दारातूनच मागे फिरली आणि जिन्यात दहा मिनिटं बसून राहिली. 

पाचची हजेरी झाली. अठरा नंबरचा माणूस गाडी लावायला गेला होता, तेव्हा रेगिनानंच सगळ्यांना थोपवलं. “थांबा जरा, मी त्यांना बघितलंय, येतायत.” तेरा नंबरच्या हिपोलितनं नाक मुरडलं. हा निवृत्त वनरक्षक, सहा फूट उंच, आणि आवाज असा की जंगल अजून त्याच्याच ताब्यात आहे असं वाटावं. शिकारीच्या वेळी रानडुक्कर एकाचं दोन दिसतं, एवढीच त्याच्या डोळ्यांची तक्रार.

“त्याच्यासाठी थांबलात, लक्षात ठेवतो मी,” तो म्हणाला.

“ठेवा की. दुसरं काम काय आहे तुम्हाला?” रेगिना म्हणाली. चार जण हसले.

सहाची हजेरीही सगळ्यांनी दिली. एकही जण गळला नाही. लोकांनी थर्मास उघडले, काकडीच्या लोणच्याचा वास सुटला. रेगिना मात्र वहीतले नंबर पुन्हा पुन्हा मोजत होती. आता एकच हजेरी उरली होती, साडेसहाची.

सव्वासहाला गेनोवेफा सारना काठी टेकत तिच्याजवळ आली. एकोणऐंशी वर्षांची ही बाई झालेसिए गावात एकटी राहायची. दोन्ही डोळ्यांवर पांढरी साय आली होती. चहात साखरेऐवजी मीठ पडायचं, चूल पेटली की नाही ते हात धरून बघावं लागायचं. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली तर ऑपरेशनच्या यादीत नाव लागणार होतं. तिचा नंबर अकरावा. पोस्टात पेन्शन घेताना रेगिनाच तिचं बोट धरून सहीच्या जागेवर ठेवायची. किती पैसे आहेत असं म्हातारीनं कधी विचारलं नाही.

“रेगिना,” ती कानाशी पुटपुटली, “पोट बिघडलंय गं. समोर बेकरीत जाऊन येऊ का? त्यांच्या मागच्या अंगणात संडास आहे.”

“जा ना, गेनोवेफाबाई. वेळ आहे.”

“तुझ्या कानावर असू दे म्हणजे झालं.”

“आहे, जा तुम्ही.”

हे दुसऱ्या कुणीही ऐकलं नाही. म्हातारी रस्ता ओलांडून बेकरीच्या बाजूच्या फाटकातून आत गेली. त्या क्षणी रेगिनाच्या मनात काही नव्हतं. असं निदान तिनं पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं.

साडेसहाला हिपोलितनं घड्याळ वर धरलं. “बाई, वेळ झाली. का आणखी कुणाची गाडी लावायची राहिलीय?”

“घेते, घेते.”

तिनं वही उघडली. एक, हजर. दोन, हजर. प्रत्येक ‘हजर’ तिच्या कानावर थपडेसारखं बसत होतं. सात नंबरनं उत्तराला जरा उशीर केला, तशी तिची पेन्सिल आपोआप कागदाला टेकली. मग तो खोकला आणि म्हणाला, “हजर.” तिला स्वतःची लाज वाटली, पण लाजेनं काही पेन्सिल उचलली गेली नाही. आठ, नऊ, दहा.

“अकरा. सारना गेनोवेफा.”

 लोकांनी माना वळवून इकडेतिकडे पाहिलं.

“सारना गेनोवेफा,” तिनं पुन्हा हाक दिली.

“आत्ता तर इथंच होती,” मागून एक बाई म्हणाली. “कुठं गेली, देव जाणे.”

रेगिनाला ठाऊक होतं. एक वाक्य पुरलं असतं: बेकरीत गेल्यात, मला सांगून गेल्यात. पाचच्या हजेरीला परक्या माणसासाठी तिनं हेच केलं होतं. आताही ते वाक्य जिभेवर तयार होतं. पण जिभेच्या मागे लुद्विक उभा होता, डोळा मिटून, पाच पावलं मोजत.

“झाल्या की दोन हाका,” हिपोलित म्हणाला. “का माणूस बघून नियम?”

तिसरी हाक तिनं मारली. मारली म्हणजे नाव उच्चारलं, देवळात मनाशी बोलतात तेवढ्या आवाजात, वहीत मान घालून. मग रेघ ओढली. पुढची नावं कशी घेतली हे तिला नंतर आठवेना. पंचविसाव्या नावाशी ती थांबली, स्वतःलाच “हजर” म्हणाली आणि समोर चोवीस लिहिलं. 

पाच मिनिटांनी गेनोवेफा परत आली. हातात कागदी पिशवी, पिशवीत खसखशीचे दोन बन. “फुकट कसं जायचं त्यांच्याकडे? म्हणून दोन घेतले. हा तुझा. अजून गरम आहे.” तिनं बन पुढे केला, तो रेगिनाच्या हाताच्या वीतभर डावीकडे. रेगिनानं हात नेऊन तो घेतला.

“गेनोवेफाबाई, हजेरी झाली. तुम्ही नव्हता.”

म्हातारी उभीच राहिली. चेहरा रेगिनाकडे होता, पण ती नेमकं काय बघत होती ते त्या डोळ्यांवरून कळायला मार्ग नव्हता.

“अस्सं,” ती शेवटी म्हणाली. “मग नियम आहे.”

“पुढच्या वेळी पोट घरी ठेवून या, आजी,” हिपोलित म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही.

गेनोवेफा भिंतीच्या कडेला जाऊन बसली. ती घरी का गेली नाही, हे रेगिनाला कळेना. जायला हवी होती. समोर बसून कुणी मुकाट्यानं बन खात असेल, तर त्याच्याकडे पाठ करून तरी किती वेळ उभं राहणार? तिनं स्वतःला बजावलं: बाईंचा मोतीबिंदू आहे, तो थांबतो. लुद्विकचं थांबत नाही. आणि हे खरंही होतं, म्हणूनच ते इतकं सोयीचं होतं.

सातला खिडकी उघडली. नोंदणीवाली बोझेना रात्रभर झोपली नसल्यासारखी दिसत होती. तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“ऐकून घ्या, मग आरडाओरडा करा. डॉक्टरीणबाईंना आणखी दोन गावं दिलीयत. आता त्या महिन्यातून एकदाच येतील. जागा बारा.”

गदारोळ झाला. चोवीसच्या बारा कशा, काल का नाही सांगितलं, आम्ही पहाटेपासून काय गवत उपटतोय का? बोझेनाला पहाटे फोन आला होता, तिचं तरी काय चुकलं. पण वही होती म्हणून धक्काबुक्की झाली नाही. रेगिना नावं वाचत गेली आणि एकेक जण आत गेला. दहा जण गेले. अकरावा म्हणून बारा नंबर गेला. बारावा म्हणून गेला हिपोलित.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. चिठ्ठी खिशात घालून तो बाहेर आला, एकदा भिंतीकडे बघितलं, टोपी सारखी केली आणि डुकरांच्या दिशेनं चालता झाला. रेगिना पायरीवर वही धरून उभी राहिली. रेघ ओढली नसती तरी लुद्विकला तारीख मिळाली नसती. रेघ ओढली नसती, तर म्हातारीला मात्र मिळाली असती. एवढा सोपा हिशोब होता, आणि तो तिच्या डोक्यात पुन्हा पुन्हा तसाच सुटत होता.

सगळे पांगल्यावर ती खिडकीशी गेली. “बोझेना, एक तारीख. उभ्या उभ्या बघितलं तरी चालेल. त्याचा एकच डोळा उरलाय गं.”

“रेगिनाताई, मी काय तारखा शिवून देऊ?” बोझेना म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “माझ्या सख्ख्या आईलाही ऑक्टोबरपर्यंत थांबायचंय. फोन नंबर ठेवून जा. कुणी मेलंबिलं तर कळवते.”

तिनं नंबर लिहून दिला.

बसथांब्यावर लिंडनच्या झाडाखाली गेनोवेफा बाकावर बसली होती, दोन्ही हात काठीवर. पलीकडच्या टोकाला सायकल टेकवून शाळेतली एक मुलगी उभी होती. रेगिना चालत घरी गेली असती तरी चाललं असतं. तिचं घर उलट्या दिशेला होतं. ती आली आणि बाकावर बसली.

“गेनोवेफाबाई, मला माहीत होतं तुम्ही कुठे आहात ते.”

“माहीत होतं ना. मीच सांगितलं होतं.”

“मी बोलले नाही.”

“हो.” म्हातारीनं काठीवरचे हात बदलले. “बेकरीच्या त्या संडासाला वर एक झरोका आहे. पहिली हाक ऐकली मी. दुसरीही ऐकली. म्हटलं, रेगिना आहे, घाई कशाला करा. मग तिसरीची वाट बघत बसले.”

रेगिनाला वाटलं, हिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. “मग तिथं सगळ्यांसमोर का नाही सांगितलंत?”

“सांगून काय? लोकांनी वही फाडली असती. मग ज्याचं कोपर मोठं तो आत. आंधळ्या म्हातारीला वहीशिवाय कोण विचारतंय?” तिनं काठी जमिनीवर टेकवली. “तुझ्या लुद्विकला तरी मिळायला हवी होती. म्हणजे कुणाच्या तरी उपयोगी पडलं असतं.”

रेगिना रडायला लागली. गेली कित्येक वर्षं ती चारचौघांत रडली नव्हती, पण आता तिनं तोंडही झाकलं नाही. गेनोवेफानं तिला थांबवलं नाही आणि तिच्या पाठीवरून हातही फिरवला नाही.

वळणावरून बस आली. काचेमागे गावाच्या नावाची पाटी होती. रेगिनानं डोळे पुसले आणि घाईनं उठून म्हातारीच्या कोपराला हात दिला.

“झालेसिएचीच आहे, गेनोवेफाबाई. चला, मी चढवून देते.”

म्हातारी उठली. तिनं कोपर हलकेच सोडवून घेतलं आणि सायकलवाल्या मुलीच्या दिशेनं तोंड वळवलं.

“पोरी,” ती म्हणाली, “बघ गं जरा, ही झालेसिएची गाडी आहे का?”