बाथरूमखालची भिंत

पंचशीलानं कपाट भिंतीपासून ओढलं आणि हातातलं फडकं तिथंच टाकलं. महिन्यापूर्वी पुट्टी भरून रंग मारलेल्या भिंतीवर काळे ठिपके पुन्हा उमटले होते. कपाटाच्या पाठीवर हिरवट लव चढली होती. आतून लेकीचा, बुद्धप्रियाचा, शाळेचा स्वेटर काढला तर कुबट वास थेट डोक्यात गेला.

नांदेडच्या या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत तिचं हे तिसरं वर्ष. ती एसटीत कंडक्टर. नांदेड-मुखेड ही तिची नेहमीची गाडी. नवरा वारल्यापासून मायलेकी दोघीच. वरच्या मजल्यावर घरमालक राहत, निवृत्त शिक्षक रामलिंग सर आणि त्यांची बायको सिंधुकाकू.

सरांचं म्हणणं ठरलेलं होतं. तुम्ही खिडक्या लावून स्वयंपाक करता, कपडे घरात वाळवता, म्हणून बुरशी येते. पंचशीलानं तेही करून पाहिलं. महिनाभर खिडक्या उघड्या ठेवल्या, डासांनी फोडून काढलं. ओले कपडे दोन जिने चढून गच्चीवर नेले. ब्लीचिंग पावडरीनं भिंत घासून हाताची सालं निघाली. बुरशी पंधरा दिवस दम धरायची आणि परत यायची. वरचं बाथरूम नेमकं या भिंतीवर होतं, पण सर म्हणत, आमच्याकडं कुठंच ओल नाही. पाणी खाली जातं हे शिक्षकाला कोण सांगणार?

दहा वर्षांच्या बुद्धप्रियाला खोकून खोकून धाप लागायला लागली तेव्हा डॉक्टरांनी खोली बदलायला सांगितली. सुटीच्या दिवशी पंचशीलानं तीन घरं पाहिली. तिन्हीकडं आधी गाव विचारलं, मग आडनाव, आणि मग खोली कालच दिल्याचं कळलं. रामलिंग सरांनी आडनाव न विचारता खोली दिली होती. त्या एका गोष्टीपायी ती आजवर मऊ बोलत आली होती.

शेवटी तिनं लेकीला मुखेडला आपल्या आईकडं ठेवलं. आठवड्यात खोकला थांबला. गाडी तिथं दहा मिनिटं थांबायची, तेवढ्यात बुद्धप्रिया स्टँडवर धावत यायची. धावूनही तिला धाप लागत नाही हे बघून पंचशीलाला आनंद कमी आणि संताप जास्त यायचा.

आज मात्र ती स्वेटर घेऊन तडक वर गेली. सरांनी तो हातात घेतला नाही.

"आमी तुमचं आडनाव बघितलं न्हाई, पंचशीलाबाई," ते म्हणाले. "अन् तुमी भिंत बघून राहिलात."

तिचे कान तापले. पण सुट्ट्या पैशांवरून रोज भांडणाऱ्या लोकांत राहून आवाज न चढवणं तिनं कमावलं होतं.

"सर, मी भाडं आडनावाचं देत न्हाई. खोलीचं देते."

मग तिनं एवढंच मागितलं, की बाथरूममध्ये नीळ ओतू द्या, पाणी कुठं उतरतं ते दिसेल. सर काही बोलायच्या आत सिंधुकाकू उठल्या. तिथली फरशी हलते म्हणून त्याही कधीपासून सांगत होत्या. निळीची अख्खी बाटली त्यांनी स्वतः कोपऱ्यात रिकामी केली आणि वरून दोन बादल्या पाणी ओतलं.

तिसऱ्या दिवशी कपाटामागं निळा ओघळ उतरला. सर खाली आले. चष्मा लावून त्यांनी भिंतीवर बोट फिरवलं, बोट पाहिलं आणि ते वर गेले. पुढच्या आठवड्यात मिस्त्री आला. त्यानं वरची फरशी उखडली आणि बाथरूम पाच दिवस वापरू नका म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचशीला खाकी चढवून पहिल्या गाडीला निघाली, तर दारात सर. खांद्यावर टॉवेल, हातात बादली. चपला त्यांनी पायरीखालीच काढल्या होत्या.

"आंघोळ करू का इथं?" त्यांनी भिंतीकडं बघत विचारलं.

तीन वर्षांचं बोलणं पंचशीलाच्या जिभेवर आलं. तिनं तिकिटांचं मशीन बॅगेत टाकलं.

"गीझर चालू हाय, सर. झालं की बंद करा."

घराची किल्ली त्यांच्या हातावर ठेवून ती डेपोच्या वाटेला लागली. सर बादली धरून उंबऱ्याबाहेरच थांबले. ती कोपऱ्यावरून वळल्यावर ते आत गेले.