गाण्यांच्या पुस्तकामागची चिठ्ठी

मला पुस्तकं सुचवायची खोड आहे. लग्न होऊन लाखांदूरला आले तेव्हा सोबत ट्रंकभर पुस्तकं होती. हे शाळेत मास्तर, आणि आळीतल्या बायकांना दुपारी जरा उसंत. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला मी एक चिठ्ठी चिकटवली. वाचणारीने तिथे नाव, तारीख आणि एक ओळ लिहायची. पक्ष्यांच्या पुस्तकावर शेवंताबाईंनी लिहिलं, 'आमच्या बोडीच्या पाण्यावरचे बगळे यात हायेत.' शिकारीच्या पुस्तकावर गिरजाबाईंनी, 'वाघ चांगला, लिहिणारा भित्रा.'

सगळ्यांत जास्त मागणी जुन्या गाण्यांच्या पुस्तकाला. बाबांनी जत्रेतून आणलेल्या चोपड्या एकत्र शिवून ते केलेलं. त्याच्या चिठ्ठीवर पहिली ओळ माझीच: 'मुलांना जवळ घेऊन म्हणा. शांत झोपतात.'

आज सकाळी जनाबाई दूध घालायला आली.

"चंद्रकांताच्या पोराले भंडाऱ्याले नेलं, मास्तरीणबाई. पहिल्याच यष्टीनं."

"काय झालं?"

"खोकून खोकून निळा पडते. मंग श्वास घेते त कोंबड्यावानी आवाज येते. डांग्या म्हणते डॉक्टर."

दुधाचं भांडं माझ्या हातातच राहिलं. मागच्या सोमवारी चंद्रकांता हेच पुस्तक परत द्यायला आली होती, पोराला कडेवर घेऊन. तो खोकत होता. "थंडी बाधली, दुसरं काय," म्हणून ती हसली, आणि आम्ही दोघींनी मिळून एक गाणं म्हटलं. तोवर त्याने आपला ओला खुळखुळा माझ्या गौरीच्या हातात दिला होता. गौरीने तो तोंडात घातला.

गौरी अकरा महिन्यांची. डांग्यावरच्या ट्रिपल लशीची दोन इंजेक्शनं झालीत. तिसऱ्याच्या दिवशी अंगात ताप होता म्हणून परत आणलं, मग राहिलंच.

जनाबाई गेल्यावर मी पुस्तक उलटं केलं. शेवंताबाई, ४ डिसेंबर. त्यांची दोन्ही मुलं महिनाभर खोकत होती. गिरजाबाई, १९ डिसेंबर. त्यांचा चाळीस दिवसांचा नातू जानेवारी लागला तसा गेला. मी भेटायला गेले होते, चहाही घेतला. चंद्रकांता, ८ जानेवारी. त्याखाली कोरी जागा.

पुस्तक जाळावं असं वाटलं. चूल पेटलेलीच होती. पण पुस्तकाने काय केलं? ते द्यायला येणारी प्रत्येक बाई कडेवर मूल घेऊन येते, बसते, दोन गाणी म्हणते. मुलांना जवळ घ्या, हे लिहिलं मी.

आणि आज दुपारी शकुनबाई पुस्तक न्यायला येणार होत्या. त्यांचं बाळ तीन महिन्यांचं. मी कडी लावून घेतली.

"दार काहून लावलं वो भरदुपारी? मास्तर घरी हायेत का काय?" बाहेरून हसण्याचा आवाज.

मी खिडकीशी गेले. "आत येऊ नका, शकुनबाई. गौरीला डांग्या खोकल्याची लागण झाली असेल."

"खोकते का ते?"

"अजून नाही."

"मंग? द्यायचं नसन त सरळ सांगा ना. शेवंताले देल्लं, गिरजाबाईले देल्लं, माह्याच पाळीले पोरगी बिमार. माह्या हातानं मळते का पुस्तक?"

मी पुस्तक गजांना टेकवून धरलं, चिठ्ठी बाहेरच्या बाजूला. "नावं वाचा. आणि त्यांच्या घरी काय झालं ते आठवा. चंद्रकांताच्या पोराला आज भंडाऱ्याला नेलं, डांग्यानेच."

शकुनबाई चौथी शिकलेल्या. त्यांचे ओठ हलत होते. गिरजाबाईंच्या नावाशी ते थांबले. मग त्यांनी पदर ओढून बाळाच्या तोंडावर धरला आणि दोन पावलं मागे सरल्या.

"मी परवा चंद्रकांताच्या घरी बसली होती," त्या म्हणाल्या. "याले घेऊन. संध्याकाळ होतवर."

"आजच दवाखान्यात दाखवा. उद्यावर टाकू नका."

त्या लगेच वळल्या. बाळाला स्वतःच्या तोंडापासून लांब धरून, पाण्याने भरलेली घागर न्यावी तशा चालत गेल्या.

मी वळले तर गौरी उठून बसली होती. पुस्तक दिसताच तिने हात पसरले. रोज याच वेळी मी तिला गाणी म्हणून दाखवते.

आज म्हटलं नाही. गात राहिले असते, तर तिचा श्वास मला ऐकू आला नसता.