वरची ओळ

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी भिंतीवर एखादे प्रमाणपत्र टांगलेले असते. घाटकोपरच्या भटवाडीत गुणाजी राऊळ यांच्या खोलीतही एक होते. गुणाजी गिरणीतले विणकर. ब्याऐंशीच्या संपानंतर घरीच बसलेले. त्यांचा मुलगा चंद्रप्रकाश साकीनाक्याच्या एका लहान कारखान्यात फिटर होता. चौऱ्याऐंशी साली त्याने सहा महिन्यांचा जपानी भाषेचा वर्ग केला आणि परीक्षेत तो पहिला आला. ग्रामस्थ मंडळाने शाल-श्रीफळ देऊन त्याचा सत्कार केला. पाहुणा आला की त्याची आई रुक्मिणी चहाच्या आधी ते प्रमाणपत्र दाखवी.

परीक्षेनंतर त्याने पुस्तक पुन्हा उघडले नव्हते. घरात कोणी तसे विचारलेही नाही. विचारण्याची आपल्याकडे रीतच नाही. मुलगा पास झाला, विषय संपला.

शहाऐंशीच्या जानेवारीत कारखान्यात जपानहून एक जुना हायड्रॉलिक प्रेस, म्हणजे तेलाच्या दाबावर पत्रा दाबणारे यंत्र, आला. त्याच्या छातीवर एक लाल पाटी होती आणि तिच्यावर जपानी अक्षरांच्या चार ओळी. मालकांनी सर्वांना जमवले.

"राऊळ, तू जपानी शिकलायस ना? मग या मशीनची देखभाल तुझी. काय लिहिलंय ते वाचून सांग सगळ्यांना."

चंद्रप्रकाशने पाटीकडे पाहिले. त्याला नुसत्या उभ्या-आडव्या काड्या दिसल्या. पंधरा माणसे त्याच्या तोंडाकडे बघत होती. प्रेस ज्याला चालवायचा होता तो बाळा पुढेच उभा होता. तो म्हणाला, "बोल ना रे चंद्या! काय म्हणतायत जपानी?"

"अरे, तेच आपलं नेहमीचं. तेल वेळेवर बदला, मशीन साफ ठेवा."

"बस? एवढ्यासाठी लाल पाटी?"

"जपानी आहेत बाबा ते. 'जेवलात का' हेसुद्धा लाल रंगात लिहितील!"

सगळे हसले. बाळा सर्वांत मोठ्याने हसला.

बाराव्या दिवशी पत्र्याची एक पट्टी साच्यात अडकली. बाळाने शिस्तीप्रमाणे स्विच बंद केला आणि उजवा हात आत घातला. वरचा भाग क्षणात खाली आला. अंगठ्याजवळची दोन बोटे गेली.

कारखान्यात सर्वांनी त्याला अपघात म्हटले. "स्विच तर बंद होता," मालक पुन्हा पुन्हा सांगत होते. "नशीब म्हणायचं, दुसरं काय!" पाटीची आठवण कोणालाच नव्हती. एकट्या चंद्रप्रकाशला होती.

अपघातानंतर तिसऱ्या दिवशी त्याने बटर पेपर लावून पाटीवरची अक्षरे जशीच्या तशी गिरवून घेतली आणि शब्दकोश मिळवला. सुटीचा रविवार आणि पुढच्या चार संध्याकाळी त्यात गेल्या. चार ओळींचा अर्थ असा निघाला: वीज बंद केल्यावरही आत दाब राहतो. व्हॉल्व्ह उघडून तो सोडा. त्याआधी हात घालू नका.

त्याने डोके धरले. त्या संध्याकाळी तो जेवला नाही.

गुणाजी शेजारी येऊन बसले. "काय झाला रे झिला? आऊस ताट घेऊन बसली हा."

"बाबा, हे अक्षर बघा. याचा अर्थ हात. तिसऱ्या धड्यातलं आहे. मी शंभर वेळा वाचलंय, आणि पाटीवर ते ओळखता आलं नाही!"

गुणाजींनी चष्मा चढवला आणि त्याच्यापुढचे वर्गाचे पुस्तक डोळ्यांजवळ धरले. छापील जपानी ओळींच्या डोक्यावर निळ्या बॉलपेनने बारीक देवनागरीत उच्चार लिहिलेले होते. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.

"ह्या वरचा कोणी लिवला?"

"मीच. वाचायला सोपं जावं म्हणून."

"मगे तू वाचलंस काय? वरचा की खालचा?"

चंद्रप्रकाशने निळ्या ओळीवर बोट ठेवले. मग हळूच म्हणाला, "वरचं. परीक्षेला पुस्तकातलेच उतारे आले. पहिल्या ओळीचा आकार ओळखीचा वाटला की पुढचा अर्थ तोंडपाठ होता."

"तीस वर्सां मागावर काढलंय मी," गुणाजी म्हणाले. "सूत तुटला काय माग थांबवायचो, टोक सोधायचा, गाठ मारायची, मगेच पुढे जायचा. काय जण थांबत नसत. कापड धावता ना, धावांदेत! पन तो डाग कापडाच्या शेवटापर्यंत जाता. तुझा सूत तिसऱ्या धड्यातच तुटला होता. तू माग थांबवलंस नाय. आणि आमी काय केला? तुका शाल घातली!"

"आता शिकून काय उपयोग, बाबा? बाळाची बोटं परत येणार आहेत का?"

"नाय येवची," गुणाजी म्हणाले. त्यांनी समजूत घालण्याचा प्रयत्नही केला नाही. "पन ता मशीन थंयच आसा. उद्या तेच्यात दुसऱ्याचो हात जातलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रप्रकाशने पाटीचा मजकूर मराठीत आणि हिंदीत रंगवून प्रेसवर लावला. मग तो सर्वांसमोर म्हणाला, "त्या दिवशी मला वाचता आलं नव्हतं. मी खोटं बोललो."

मालकांनी त्याला प्रेसवरून काढून लोखंड घासायच्या कानशीच्या बाकावर बसवले. दुपारी डबे उघडले तेव्हा त्याच्या शेजारची जागा रिकामी राहिली.

संध्याकाळी तो असल्फ्याला बाळाच्या घरी गेला आणि त्यालाही सगळे सांगितले. बाळाची बायको सुगंधा दारातच उभी होती. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला नाही.

बाळाने पांढऱ्या पट्टीतला हात पुढे केला. "'येत नाही' एवढं म्हणायला तुझं काय जात होतं रे? मी थांबलो असतो. चार दिवस थांबलो असतो."

"लाज वाटली रे."

"तुझी लाज, माझी बोटं. काय हिशेब आहे! आता काय करणार?"

"पहिल्या धड्यापासून सुरू करणार. अक्षरांच्या डोक्यावर काहीही लिहिणार नाही. रोज तीनच अक्षरं. पुस्तक मिटून, आठवून लिहायची. चुकलं तर दुसऱ्या दिवशी तीच."

"आणि खरंच आलं की परत पाठ केलंस, हे कोण बघणार?"

त्याचे उत्तर बाळानेच दिले.

"दर रविवारी इथे यायचं, तेच जुनं पुस्तक घेऊन," बाळा म्हणाला. "मी बघीन."

"बाळा, माफ केलंस?"

"नाही."

जखम भरायला दीड महिना लागला. बाळाला प्रेसवर पुन्हा घेतले नाही. गेटवर नोंदवही घेऊन बसण्याचे काम मिळाले. मात्र एकही रविवार चुकला नाही. बाळाला जपानीचे एक अक्षर येत नव्हते, पण जुन्या पुस्तकातली वरची निळी देवनागरी ओळ त्याला वाचता येत होती. तो उजवा हात त्या ओळीवर आडवा ठेवी आणि म्हणे, "वाच." चंद्रप्रकाश अडखळत वाची, मग बाळा हात उचलून ताळा पाही. दोन वर्षांपूर्वी जो माणूस पहिला आला होता, तो एका पानाला दहा ठिकाणी चुकत होता.

एका रविवारी तिसरा धडा आला. बाळाने हात ठेवला. गेलेल्या दोन बोटांच्या जागेतून वरचे एक निळे अक्षर स्वच्छ दिसत होते. खाली 'हात' या अर्थाचे तेच जपानी अक्षर होते. चंद्रप्रकाशच्या ओठांवर उच्चार आला आणि तो थांबला.

"बाळा, मला दिसतंय रे," तो म्हणाला. "हात जरा सरकव."

बाळाने त्याच्याकडे पाहिले आणि तळवा सरकवून फट झाकली.

"वाच आता."

आत सुगंधाने तांब्या घासून भरला होता. तिने तो त्या दिवशीही बाहेर आणला नाही.

वाचकहो, चंद्रप्रकाशला दोष देताना आपण आपल्या मुलांच्या पुस्तकांवरची वरची ओळ तपासावी. ती आपणच लिहून दिलेली असते: गाईडच्या रूपाने, तयार उत्तरांच्या रूपाने, पहिल्या नंबराच्या हट्टाने. मूल काय शिकले हे न पाहता आपण शाल आणायला धावतो. जे येत नाही ते 'येत नाही' असे चारचौघांत सांगण्याचे बळ ज्या शिक्षणाने येत नाही, त्याची किंमत कधीतरी कोणाला तरी द्यावीच लागते. आणि ती बहुधा शेजारी विश्वासाने उभा असलेला माणूस देतो. तेव्हा सूत तुटेल तिथेच माग थांबवा. गाठ तिथेच मारा, मगच पुढे जा!