फाटकावरची सावड

"एकटीनं लावणी होत नाय गं. सावड कर, नाहीतर आडवी पडशील," असं गोदूबाईंनी सुनेला, ती रोज फाटकावर जायला लागली त्या पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. कल्पिताने तान्ह्या उर्वीला कडेवर घेतलं, चपला शोधता शोधता "हो आई, बघू" म्हटलं आणि जिना उतरली. आज तुझ्या शेतात सगळ्या, उद्या माझ्या. सासूच्या गावची ही रीत मानपाड्याच्या सातमजली इमारतीत काय कामाची?

खाली फाटकावर रेमी उभी होती. मिझोरमची नर्स, तिसऱ्या मजल्यावरची भाडेकरू. वर्षभर राहिलेल्या या मुलीला दर वेळी अडवायचं, वर इंटरकॉम लावायचा आणि कुणा घरमालकाने 'सोडा' म्हटलं तरच आत घ्यायचं, असा फतवा सेक्रेटरी गोपीनाथ यांनी काढला होता. फक्त तिच्यासाठी. गोपीनाथांना यंदा नगरसेवकाच्या तिकिटाचे डोहाळे लागले होते. 'आपली माणसं, आपली सोसायटी' असा फलक फाटकावर लावायचा, तर परकं कुणीतरी हवंच. बारीक डोळ्यांची एक दमलेली नर्स त्यांना पुरली. केवढा हा पराक्रम!

"वहिनी, आम्ही कुठे भेदभाव करतो? सुरक्षेचा प्रश्न आहे," ते पहिल्या दिवशी म्हणाले होते.

"मग माझी बहीण येते तेव्हा तुमची सुरक्षा झोपलेली असते का?"

"अहो, ती आपल्यातली दिसते ना!"

बोलून वर हसलेही.

तेव्हापासून रेमी ड्यूटीवरून यायच्या वेळी कल्पिता फाटकावर हजर. तिचा हात धरायची आणि कुणालाही न विचारता आत घेऊन यायची. पंढरी वॉचमन दुसरीकडे बघायचा. गोपीनाथांचा तिला राग यायचा, पण किळस यायची ती बाकीच्यांची. सोसायटीच्या ग्रुपवर सगळे मुके, आणि खाजगीत 'तुझंच बरोबर आहे हं, पण सध्याचे दिवस कसले आहेत बघतेस ना' आणि पुढे एक अंगठा. अंगठेबहाद्दर मेले!

शेजारची शिवानी एकदा म्हणाली, "उद्या मी थांबते ना. तू झोप जरा, डोळे बघ तुझे."

"राहू दे. गोपीनाथ दोन शब्द बोलले की पळशील तू."

शिवानीचं तोंड एवढंसं झालं. पुन्हा काही तिने विचारलं नाही.

आणि मग एका दुपारी कल्पिताच्या छातीत डाव्या बाजूला दुधाची गाठ धरली. अंगात ताप फणफणला, कुडकुडायला लागली. उर्वी भुकेने रडत होती. घड्याळ बघून कल्पिता उठायला गेली आणि मटकन खाली बसली.

"आई, रेमी येईल आता..."

"गप पड!"

तेवढ्यात रेमीचाच फोन. "दीदी, छोड़ो ना. आप सो जाओ. मैंने ठाकुर्ली में रूम देखा है."

गोदूबाईंनी फोन हातातून काढून घेतला. "ए, रूमबिम काय नाय. फाटकावर थांब." मग नातीला वाटीचमच्याने दूध पाजलं, लसूण सोलायचं सूप काखेत मारलं आणि जाताना शिवानीची बेल दाबली. "चल गं. आज तू, उद्या मी."

खालचे आवाज खिडकीतून वर येत होते.

"मावशी, आता तुम्हीपण?" गोपीनाथ.

"आलास? बस. लसूण सोल."

"नियम आहे, मावशी. आणि तिच्या त्या सुकटीचा वास..."

"सुकट मी पण खाते. मला काढतोस?"

मग शिवानीचा आवाज, कापरा. "गोपीनाथकाका, ती... ती माझ्याबरोबर वर येतेय." पळाली नाही ती. कल्पिताने ते ऐकलं, भिंतीकडे तोंड केलं आणि किती दिवसांनी गाढ झोपली.

फलक अजून तिथेच आहे, नियमही. गोपीनाथांना तिकीट मिळेलही; अशांनाच मिळतं. रेमीही तिथेच आहे. आता फाटकावर पाळ्या आहेत. तळमजल्यावरच्या जयाकाकू तर विणकाम घेऊनच बसतात. कल्पिताची पाळी फक्त गुरुवारी. बाकीच्या दुपारी ती लेकीला कुशीत घेऊन पडते, उजव्या कुशीवर. डाव्या बाजूचं दूध परत आलंच नाही.

तुमच्याही इमारतीत अशी एखादी असेल, दुसऱ्या कुणासाठी एकटीच भांडणारी. हल्ली ती ग्रुपवर गप्प असेल. तिला अंगठा पाठवू नका. जिना चढा, बेल दाबा, आणि झोपलीस का गं, एवढं तरी विचारून या.