दहा कुणाचे?

मी एक जुनी जीप आहे. मागच्या मोजणीत आसनं नऊ, त्यांतली स्प्रिंग न टोचणारी सहा. दारं तीन, चौथं एका हत्तिणीने काढून नेलं. हॉर्न एक, आजारी गाढवासारखा. घड्याळ एक, अगदी बरोबर चालणारं.

मित्रांनो, सगळा घोटाळा या घड्याळामुळेच झाला.

टांझानियाच्या दक्षिणेतल्या अभयारण्यात मी एकोणतीस वर्षं पाहुण्यांना सिंह दाखवते आहे. पूर्वी लोक माझेही फोटो काढत. आता फक्त सिंहांचे काढतात. माझे चालक किकोटीबाबा मात्र रोज बॉनेटवर थाप मारून विचारतात, "काय गं म्हातारे, झोप झाली का?"

आमच्याकडे दिवस सूर्याबरोबर सुरू होतो. उजाडल्यावर तासाभराने एक वाजतो. तुम्ही त्याला सात म्हणता. बाबांनी माझं घड्याळही तसंच लावलं आहे.

पाहुण्यांच्या तंबूंची व्यवस्था सेकेलाताई पाहतात. मागे एकदा मी वाटेत बंद पडले आणि एका पाहुण्याचं विमान चुकलं. तेव्हा ताईंनी बजावलं, "बाबा, पुन्हा विमान चुकलं की हिची चाकं काढून आत कोंबड्या ठेवीन."

"अहो, हळू बोला, ती ऐकतेय!"

"ऐकू दे. कोंबड्या निदान अंडी देतात."

पुढे डेन्मार्कच्या निवृत्त शिक्षिका बिर्गिट्टेबाई आल्या. त्यांच्या परतीच्या दिवशी वैमानिकाने वायरलेसवर इंग्रजीत वेळ कळवली. ताईंनी घाईघाईत फळ्यावर लिहिलं, 'विमान १०'.

त्या सकाळी आम्ही नदीकाठी पाणघोडे पाहत होतो. धावपट्टी सतरा किलोमीटर दूर. बाईंनी मनगटाकडे पाहिलं. "साडेनऊ होत आले. निघायचं ना?"

बाबांनी माझ्या घड्याळाकडे बोट दाखवलं. "साडेतीनच होतायत, बाई. विमान दहाला. चहा घ्या."

"तुमचं घड्याळ बरोबर सहा तास चुकलंय!"

"एकोणतीस वर्षांत मिनिटभर चुकलं नाही ते." बाबा ओतता ओतता थांबले. "बाई, ते फळ्यावरचे दहा... कुणाचे? तुमचे की आमचे?"

चहाचा थर्मास नदीत पडला.

"पळ गं म्हातारे," बाबा ओरडले, "नाहीतर अंडी उबवत बसशील!"

कित्येक वर्षांत मी ताशी तीसच्या वर गेले नव्हते. त्या दिवशी त्रेचाळीस गाठले. एका खड्ड्यात माझं एक दार सुटून पडलं. आम्ही थांबलो नाही.

धावपट्टीवर सात जिराफ उभे होते आणि विमान वर घिरट्या घालत होतं. जनावरं हाकायला गाडी आल्याशिवाय इथे कुणी उतरत नाही. बाबांनी माझा हॉर्न दाबला. असलं गाढव जिराफांनी जन्मात ऐकलं नव्हतं. सातही पळाले. विमान उतरलं तेव्हा बाईंच्या घड्याळात दहा वाजून सहा मिनिटं झाली होती, माझ्यात चार वाजून सहा. बाई आत चढल्या आणि खिडकीतून बाबांना नाही, मला हात हलवू लागल्या.

परतल्यावर ताईंनी विचारलं, "दार कुठाय?"

"ते राहू द्या. फळ्यावर कुणी लिहिलं होतं?"

ताईंनी फडकं घेतलं, 'विमान १०' पुसलं आणि 'विमान ४' लिहिलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूला बिघडलेली म्हणण्याआधी ती कुणाच्या वेळेने चालते, एवढं विचारा. अधूनमधून तेल घाला. पडलेलं दार जमलं तर उचलून आणा.

काल पुन्हा मोजणी केली. आसनं नऊ, दारं दोन, कोंबड्या शून्य.