एकाच पिशवीत दोन पंप

समुद्रकाठच्या त्या रिसॉर्टच्या धक्क्यावर उतरल्या उतरल्या प्लास्टिक जमा करायचा नियम होता, आणि नियम म्हटला की माझ्या अंगात येतं. कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी. दिवसभर लोकांना हेल्मेट घालायला लावणं हाच माझा धंदा. बाटल्या, पिशव्या, साबणाची डबी, सगळं पोत्यात टाकलं. वर शेजारच्या बाईंनी लपवलेली शाम्पूची बाटलीही बाहेर काढायला लावली. "ऑफिसर, सुट्टीवर आहात तुम्ही," नवरा म्हणाला. पोतं घेऊन नाव परत गेली.

दुपारी झोपडीत सामान लावताना लक्षात आलं, त्या पोत्यात पंपही गेले. खाऱ्या हवेनं खराब होऊ नयेत म्हणून नवऱ्याचे दम्याचे पंप मीच प्लास्टिकच्या चेनवाल्या पिशवीत ठेवले होते. एक नेहमीचा, एक जादाचा, दोन्ही एकाच पिशवीत. कारखान्यात कोणी असं केलं असतं तर मी त्याची सालटी काढली असती.

रिसॉर्टच्या व्यवस्थापक बाईंना कोपऱ्यात गाठून सांगितलं. त्यांनी लगेच दुसरी नाव पाठवली, पण इथे इंजिनाला बंदी, सगळं वल्ह्यांवर. संध्याकाळपर्यंत येईल म्हणाल्या. मागे जंगल, पुढे पाणी, फोनला रेंज नाही. ह्याचसाठी तर लोक इथे येतात.

नवऱ्याला काही बोलले नाही. घाबरला की त्याला धाप लागते. तो पोहायला निघाला, मी नको म्हटलं. जंगलात फिरून येऊ म्हणाला, त्यालाही नको म्हटलं. "मग आलो कशाला, झोपडी राखायला?" तो कुरकुरला आणि पायरीवर बसून राहिला. मी घडी घातलेल्या कपड्यांच्या पुन्हा पुन्हा घड्या घालत त्याच्या श्वासाकडे कान लावून होते.

ऊन उतरलं आणि धूर आला. इथे डासांवर औषध मारत नाहीत, ओला पाला जाळतात. मी बादली घेऊन धावले, परवानगी न विचारता सगळं विझवलं. परत आले तर तो खांदे वर ओढून बसला होता आणि छातीतून ती शिट्टी येत होती.

"पंप नाहीत," मी म्हणाले. "माझ्या हातून प्लास्टिकमध्ये गेले. नाव पाठवलीय."

"माहीत आहे." त्याला एकेक शब्द जड जात होता. "दुपारीच... शोधले मी."

"आणि गप्प बसलास?"

"तू घाबरली असतीस."

त्याच्या थोबाडीत द्यावी की त्याला कवटाळावं, मला कळेना. मी त्याला थोडं पुढे वाकवून बसवलं, पाठीवर हात ठेवला, ओठ आवळून हळूहळू श्वास सोडायला लावला. त्याच्याबरोबर मीही सोडत राहिले. हाताखालची पाठ कधी वर यायची आणि मध्येच अडकायची. तेवढ्या वेळात मी देवाला काय काय कबूल केलं, तोच जाणे.

शेवटी वल्ही वाजली. नावाडी पिशवी डोक्यावर धरून पाण्यातूनच धावत आला. पंप ओढल्यावर खांदे खाली यायला वेळ लागला, पण आले.

मग मी बरसले. "आधीच बोलला असतास तर मी दुपारभर एकटी जळत बसले नसते."

"तू कुठे बोललीस?"

एक पंप त्याच्या खिशात घातला, दुसरा माझ्या, आणि रिकामी पिशवी व्यवस्थापक बाईंना देऊन आले.

"मला वाटलं होतं," तो म्हणाला, "एक दिवस तरी तू माझ्या छातीवरची नजर काढून दुसरीकडे कुठे बघशील. सकाळपासून समुद्र बघितलास?"

मी वळून बघितलं. अंधार पडला होता, काहीच दिसत नव्हतं. पण त्याच्या छातीतली शिट्टी थांबली होती, आणि मला पहिल्यांदाच लाटा ऐकू आल्या.